कागदी पिशवीवरचे धडे

आजींच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर सूप टांगलेलं होतं. आपल्या सुपासारखं एका बाजूनं उघडं नव्हतं, परातीसारखं गोल होतं. खाडीकाठच्या लव्हाळ्याच्या जुड्या वेटोळ्यानं फिरवत नेऊन शिवलेलं. पण ते कशासाठी आहे हे मला विचारावं लागलं नाही. मी ते खाली उतरवून घेतलं, दोन्ही हातांत धरलं आणि नकळत मनगटं हलली. पाखडायला घ्यावं तशी. आजी टक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘तुझ्या आजीच्या हातात होतं वाटतं हे!’’

चार्ल्स्टनला येऊन मला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. दर शनिवारी इथल्या वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवायला मी जायचे, तिथं आजींची गाठ पडली. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, वय ऐंशीच्या पुढं. इथं वडीलधाऱ्या बाईला नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारायची रीत आहे आणि तोंडानं मी ती पाळते. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून आजीच आहेत.

हे सूप त्यांच्या आईकडून आलेलं, आईला तिच्या आजीकडून. दक्षिण कॅरोलिनाचा हा किनारा एके काळी भातावर श्रीमंत झाला. ते भात पिकवायची विद्या गोऱ्या मळेवाल्यांजवळ नव्हती. पश्चिम आफ्रिकेच्या भातखाचरांतून माणसं पकडून आणली आणि त्यांच्यासोबत बांधबंदिस्ती आली, पेरणी आली, उखळ-मुसळ आलं, हे सूपही आलं. ‘‘शिकलेली माणसं विकत घेतली त्यांनी,’’ आजी म्हणाल्या. ‘‘आणि मग कायदा केला, की यांना शिकवायचं नाही.’’

तो कायदा इथल्याच नदीच्या नावाशी बांधलेला आहे. १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. पुढच्याच वर्षी वसाहतीनं नियम केला, की गुलामाला लिहायला शिकवील त्याला शंभर पौंड दंड. १८३४ मध्ये तो आणखी कडक झाला. नुसतं वाचायला शिकवणंही गुन्हा ठरलं. शिकवणारा गोरा असेल तर दंड आणि कैद. काळा असेल तर पन्नासपर्यंत फटके. आजींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली एक गोष्ट आहे. त्यांच्या एका पूर्वजाला अक्षरओळख होती. मालकाच्या मुलाची पुस्तकं शाळेपर्यंत वाहून न्यायचं काम त्याच्याकडं होतं, त्या वाटेवर तो अक्षरं शिकला. जन्मभर त्यानं कुणाला कळू दिलं नाही. एखादा कागद हातात आला की मुद्दाम उलटा धरायचा. गुलामी संपल्यावर एके दिवशी त्यानं ओसरीवर बसून बायबल उघडलं आणि बायकोला वाचून दाखवायला लागला. इतकी वर्षं संसार केलेली ती बाई घाबरून घरात पळाली.

ही गोष्ट ऐकताना मला माझे आजोबा आठवले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ते मास्तर होते, सत्यशोधकी वळणाच्या घरातले. शाळेत इतरांपासून वेगळं, घरून नेलेल्या गोणपाटावर बसून शिकलेल्या भीमरावाची गोष्ट ते आम्हाला सांगत. पण त्यांची जास्त आवडती गोष्ट ‘गुलामगिरी’ची. जोतीरावांनी १८७३ मध्ये ते पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तिथल्या काळ्या माणसांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जी झीज सोसली तिच्या आदरापोटी. आजोबा विचारत, ‘‘पुण्यातल्या माणसाला सातासमुद्रापलीकडच्या माणसाचं दुःख कसं कळलं गं?’’ आणि उत्तर द्यायचे नाहीत.

इथं आल्यावर मला त्या सालाचा दुसरा अर्धा भाग सापडला. १८७३ मध्येच, त्या अर्पणपत्रिकेची शाई वाळत असताना, दक्षिण कॅरोलिनाच्या विद्यापीठानं काळ्या विद्यार्थ्यांना दार उघडलं होतं. रिचर्ड ग्रीनर नावाचे काळे प्राध्यापक तिथं शिकवू लागले होते. त्याच्या पाच वर्षं आधी या राज्याच्या नव्या घटनेनं सर्व मुलांसाठी मोफत शाळांची तरतूद केली होती आणि ती घटना लिहिणाऱ्यांत कालपरवापर्यंत गुलाम असलेले लोक होते. जोतीरावांचा विश्वास अस्थानी नव्हता. पण १८७७ मध्ये ते दार बंद झालं. विद्यापीठ पुन्हा सुरू झालं ते फक्त गोऱ्यांसाठी, आणि पुढचा काळा विद्यार्थी तिथं १९६३ मध्ये पोचला. मधल्या काळात, १८९५ मध्ये, राज्यानं आणखी एक घटना लिहिली. काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, आणि मत द्यायचं तर घटनेतलं कलम वाचून दाखवा. आधी शाळा द्यायची नाही, मग वाचता येत नाही म्हणून मत द्यायचं नाही. आजोबा असते तर त्यांना हे मी कसं सांगितलं असतं, कोण जाणे.

या किनाऱ्यालगतच्या बेटांवरची बोली म्हणजे गल्ला. आजींची मातृभाषा तीच. तीत ‘न्याम’ म्हणजे खाणं, ‘ऊना’ म्हणजे तुम्ही. आजी मला सांगत होत्या, की इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण आमच्यात नाही. मी म्हटलं, आमच्यातही नाही. त्या खुदकन हसल्या. लॉरेन्झो टर्नर नावाच्या काळ्या भाषातज्ज्ञानं १९३०च्या दशकात या बेटांवर फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि १९४९ मध्ये पुस्तकच काढलं. या बोलीत पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी भाषांतले शब्द आणि नावं, हजारोंनी, जिवंत आहेत हे त्यानं दाखवून दिलं. तोवर पंडितांचं म्हणणं असं, की ही मोडकीतोडकी इंग्रजी आहे, आळशी जिभेची.

आजी पहिलीत असताना ‘ऊना’ म्हणाल्या, म्हणून बाईंनी हातावर पट्टी मारली. बाई काळ्याच होत्या, शहरातल्या. ‘‘तिला मी दोष देत नाही,’’ आजी म्हणाल्या. ‘‘तिला वाटायचं, ही जीभ घेऊन ही पोर शहरात गेली तर हिला कुणी उभं करणार नाही. ती मला वाचवत होती. पण पट्टी ती पट्टीच.’’

मग मी त्यांना माझं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. चौथीनंतर मला तालुक्याच्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात मी ‘पानी पिऊन येऊ का?’ असं विचारलं. बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि ‘पाणी’ म्हणायला लावलं. वीस वेळा, पंचवीस वेळा. माझा ‘न’ काही केल्या ‘ण’ होईना आणि वर्ग हसत राहिला. त्या वर्षात मी पुन्हा तोंड उघडलं नाही. तहान लागली तरी मधल्या सुट्टीपर्यंत तशीच बसायचे. घरी आजोबांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त संध्याकाळी ओसरीवर बसवून मला रानातल्या गोष्टी सांगायला लावायचे, आणि मी ‘पानी’ म्हटलं की तेही ‘पानी’च म्हणायचे. मास्तर असून.

आजी उठल्या, आत गेल्या आणि एक पुस्तक घेऊन आल्या. सेप्टिमा क्लार्कचं.

सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क १८९८ मध्ये याच शहरात जन्मली. वडील गुलामीत जन्मलेले. १९१६ मध्ये, अठराव्या वर्षी, ती शिक्षिका झाली. पण चार्ल्स्टन शहराच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना नोकरी नव्हती, काळ्या मुलांच्या शाळांतसुद्धा नाही. म्हणून तिला होडीनं जॉन्स बेटावर जावं लागलं. तिथं दोन शिक्षिका आणि १३२ मुलं. मुख्याध्यापिका म्हणून तिचा पगार ३५ डॉलर. समोरच गोऱ्यांची शाळा होती, तीन मुलांची, आणि तिथल्या बाईंना ८५ डॉलर. या शाळेत धड पुस्तकं नव्हती. जी होती त्यांतलं जग या मुलांनी पाहिलेलं नव्हतं.

तेव्हा या अठरा वर्षांच्या मुलीनं काय केलं? मुलांना बोलायला लावलं. शाळेला येताना वाटेत काय दिसलं, शेतात काय उगवलंय, आभाळात काय आहे. मुलं सांगत गेली आणि तिनं ते कपड्यांच्या धुलाई-दुकानातून मिळालेल्या कागदी पिशव्यांवर लिहून भिंतीवर टाचून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मुलं तेच वाचायला शिकली. आपलंच बोलणं आणि आपलीच वाट.

मी हे वाचलं तेव्हा थांबले. आज अमेरिकेतल्या अध्यापक महाविद्यालयांत यालाच संस्कृतीला धरून शिकवणं म्हणतात. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज या काळ्या विदुषीनं काळ्या मुलांना उत्तम शिकवणाऱ्या आठ शिक्षिकांचा अभ्यास केला आणि १९९४ मध्ये ‘द ड्रीमकीपर्स’ हे पुस्तक लिहिलं. या मुलांत काय कमी आहे, असं तोवरचे बहुतेक अभ्यास विचारत होते. तिनं विचारलं, ज्यांच्या वर्गात ही मुलं फुलतात त्या बाया करतात तरी काय? तिला दिसलं ते थोडक्यात असं : त्या मुलांकडून भरपूर अभ्यासाची अपेक्षा करतात आणि त्यात सूट देत नाहीत. मुलाला त्याचं घर आणि बोली दाराबाहेर काढून ठेवायला सांगत नाहीत. आणि जगात अन्याय आहे, तो ओळखायचा आणि त्याला प्रश्न विचारायचे, हेही शिकवतात. या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. नुसता सणवार साजरा करून, भिंतीवर चार थोरांची चित्रं लावून हे होत नाही. आजी याबाबत फार कडक आहेत. ‘‘मुलाचा लाड करणं म्हणजे त्याचा आदर करणं नव्हे,’’ असं त्या मला एकदा रागानंच म्हणाल्या. मी एका मुलाचं चुकलेलं वाचन तसंच सोडून दिलं होतं.

सेप्टिमा तिथं थांबली नाही. १९१९ मध्ये, शहरातल्या शाळांत काळे शिक्षक घ्यावेत म्हणून ती दारोदार सह्या गोळा करत फिरली आणि दुसऱ्या वर्षी ते झालं. पुढं कोलंबिया शहरात असताना समान पगाराच्या दाव्यासाठी तिनं काम केलं. वकील होते थर्गुड मार्शल. १९४५ मध्ये तो दावा जिंकला. मग १९५४ चा ब्राउन निकाल आला. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. त्या निकालात गुंफलेल्या पाच दाव्यांपैकी एक इथूनच, समरटन गावातून गेला होता आणि त्याची सुरुवात एका साध्या मागणीनं झाली होती : आमच्या मुलांना शाळेसाठी एक बस द्या. गोऱ्या मुलांना तीस बस होत्या. ज्या हॅरी ब्रिग्जचं नाव त्या दाव्याला लागलं तो पेट्रोल पंपावर कामाला होता. त्याची नोकरी गेली, बायकोचीही गेली.

निकालाचा सूड राज्यानं शिक्षकांवर उगवला. एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचं सभासद कुणाही सरकारी नोकरानं असू नये, असा कायदा १९५६ मध्ये झाला. सेप्टिमानं सभासदत्व लपवलं नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शन गेलं. वय अठ्ठावन्न. नवरा ऐन तारुण्यात गेलेला.

यानंतर जे झालं ते आजी स्वतःच्या घरातलं म्हणून सांगतात.

जॉन्स बेटावर ईसाव जेन्किन्स नावाचा गृहस्थ होता. बेटावरच्या माणसांना तो रोज आपल्या बसनं शहरात कामाला पोचवायचा. जाता-येता बसमध्येच घटनेतलं कलम वाचून दाखवायचा आणि समजावून सांगायचा. ॲलिस वाइन नावाच्या बाईनं ते ऐकून तोंडपाठ केलं. पण तिला पाठांतर नको होतं, तिला खरंच वाचायचं होतं. मला शिकव, मी नोंदणी करीन आणि मत देईन, असं ती म्हणाली. जेन्किन्सनं टेनेसीतल्या हायलँडर लोकविद्यालयाची मदत घेतली. सेप्टिमा आता तिथं काम करत होती. तिथून उभा राहिला नागरिकत्वाचा वर्ग. ७ जानेवारी १९५७ रोजी, जॉन्स बेटावर. पुढं किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या गोऱ्याला दुकानच दिसावं.

शिकवायला कुणी शिकलेला मास्तर आणला नाही. बर्निस रॉबिन्सन ही सेप्टिमाची नात्यातली, केशरचनेचं दुकान चालवणारी. दोन कारणं होती. एक, गिऱ्हाइकं सगळी काळ्या बायका, त्यामुळं तिला कामावरून काढणारा गोरा मालकच नव्हता. आणि दुसरं, दिवसभर बायकांचं ऐकून घ्यायची तिला सवय होती. पहिल्या रात्री ती लहान मुलांची पुस्तकं घेऊन गेली आणि समोरचे थोराड, राबलेले हात बघून ती तशीच बाजूला ठेवली. विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणी म्हणालं, स्वतःचं नाव लिहायचंय. कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. त्यातूनच धडे निघाले. एके रात्री पासष्ट वर्षांच्या एका बाईनं फळ्यावर लिहिलेल्या नावांतलं आपलं नाव ओळखलं आणि बोट ठेवून दाखवलं. ते सांगताना बर्निसच्या अंगावर पुढं कितीतरी वर्षं काटा यायचा.

वर्ग शेजारच्या बेटांवर पसरले. आजींची आई वॉडमलॉ बेटावरच्या वर्गाला जाऊ लागली. हिवाळ्यात, शेतीची कामं थांबलेली असताना. आजी तेव्हा कॉलेजात होत्या, शिक्षिका व्हायचं ठरलेलं. ‘‘मी म्हटलं, आई, मी शिकवते की तुला. तर म्हणाली, लेकीपुढं चुकायला लाज वाटते. तिथं सगळ्याच चुकतात.’’ हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा थोडा वेळ गप्प बसल्या.

१९६१ पासून हे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेनं हाती घेतलं. जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात सेप्टिमा, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग शिक्षक तयार करू लागले. दक्षिणेतल्या राज्याराज्यांतून शेतकरी, न्हावी, मोलकरणी यायच्या आणि आठवड्याभरानं शिक्षक होऊन परत जायच्या. मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर त्यांतल्याच. १९६३ च्या जूनमध्ये चार्ल्स्टनच्या अशाच शिबिराहून परतताना त्यांना वाटेत वायनोनाच्या तुरुंगात डांबून बेदम मारलं. इतिहासाच्या पुस्तकांत मोर्चे असतात, भाषणं असतात. त्या मोर्चांतल्या माणसांना आधी या बायांनी सही करायला शिकवलं होतं. सेप्टिमानं किंगना पत्र लिहून सुचवलं होतं, की सगळे मोर्चे तुम्हीच काढू नका, जागोजागी माणसं तयार करा, त्यांना पुढं होऊ द्या. बैठकीत ते पत्र वाचलं तेव्हा लोक हसले. मला वाटतं, नेतृत्व म्हणजे काय हे त्या खोलीत तिलाच सगळ्यांत जास्त समजलं होतं.

ब्राउन निकालाची दुसरी बाजू मात्र मला कुठल्याच पाठ्यपुस्तकानं सांगितली नव्हती. शाळा एक झाल्या म्हणजे काय झालं? बहुतेक ठिकाणी काळ्या मुलांच्या शाळा बंद केल्या आणि मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पाठवलं. त्यांच्या शिक्षकांना मात्र पाठवलं नाही. दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत १९५४ ते १९६५ या काळात सुमारे ३८ हजार काळे शिक्षक आणि मुख्याध्यापक नोकरीला मुकले. आजींची नोकरी टिकली. त्यांचे मुख्याध्यापक, सगळं गाव ज्यांना बघून टोपी काढायचं असे गृहस्थ, नव्या शाळेत क्रमिक पुस्तकांच्या गोदामावर नेमले गेले. जुन्या शाळेतल्या ढाली आणि पदवीदानाचे फोटो कुणीतरी मागच्या अंगणात ओतून दिले. आजींनी त्यातला एक फोटो उचलून आणला, तो अजून त्यांच्याकडं आहे. नव्या शाळेत पहिल्या दिवशी एका लहान मुलानं भीतभीत ‘ऊना’ म्हटलं आणि मग पटकन तोंडावर हात घेतला. ‘‘मी त्याला म्हटलं, हात काढ. मला कळतंय तू काय म्हणतोस. आता हेच आपण फळ्यावरच्या भाषेत कसं म्हणतात ते बघू. दोन्ही तुझंच आहे.’’ त्याच वर्षी त्यांनी घरचं सूप वर्गात नेलं. वर्तुळ, परीघ, वेटोळ्यांची संख्या. गोरी मुलंही त्यावरच शिकली.

आज अमेरिकेतल्या सरकारी शाळांत शंभरातले सहा-सातच शिक्षक काळे आहेत. काळी मुलं त्याच्या दुपटीहून जास्त. प्राथमिक शाळेच्या तिसरी ते पाचवीत एखाद्या काळ्या मुलाला निदान एक तरी काळा शिक्षक लाभला, तर पुढं त्याची शाळा सुटण्याची शक्यता कमी होते असं संशोधनातून दिसलं आहे. एकच, पण हवा. त्या अडतीस हजारांच्या जागा रिकाम्या झाल्या नसत्या तर किती मुलांना किती शिक्षक लाभले असते, हा हिशेब मांडायला बसले की माझं डोकं सुन्न होतं.

सेप्टिमाचं पेन्शन १९७६ मध्ये सरकारनं परत दिलं. त्याच्या आदल्या वर्षी, ज्या शाळा-व्यवस्थेनं तिला काढलं होतं तिच्या मंडळावर ती निवडून आली होती. १९८७ मध्ये ती जॉन्स बेटावर वारली. शहराच्या मधून जाणाऱ्या हमरस्त्याला तिचं नाव आहे. काळ्यांची वस्ती चिरत तो काढला, म्हणून आजी तो रस्ता टाळून लांबून जातात.

मी आता शनिवारी वाचनालयात किराणा दुकानातल्या खाकी पिशव्या घेऊन जाते. आधी मुलं सांगतात. मी लिहिते, ती जसं म्हणतील तसं. मग आम्ही वाचतो, चुकलं तर पुन्हा वाचतो. सोडून देत नाही.

आजींच्या भिंतीवर सुपाच्या खाली एक छोटी चौकट आहे. आतला कागद पिवळा पडलाय. आईच्या मतदार-नोंदणीचा दाखला, १९५९ चा. खाली सही आहे. अक्षरं मोठी, वाकडी, शेवटचं अक्षर ओळ सोडून खाली गेलेलं. तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. पुढं पस्तीस वर्षं जगली आणि एकही निवडणूक तिनं चुकवली नाही.